औषधाचा जाब कोणी द्यायचा?

(स्मृती-व्याख्यानमालेतील भाषणाचा मुद्रित पाठ)



विषय कळवला तेव्हा संयोजकांनी फोनवर हळूच विचारलं, "मॅडम, हॉस्पिटलमधल्या फार्मासिस्टचं प्रशिक्षण... विषय जरा जड नाही का होणार? सर्वसामान्य श्रोत्याला यात काय?" प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर देण्याऐवजी मी तुम्हालाच दोन प्रश्न विचारते.

पहिला. या सभागृहात साठी ओलांडलेल्यांपैकी किती जण रोज पाचापेक्षा जास्त गोळ्या घेतात? हात वर करू नका, मनातल्या मनात मोजा. आता दुसरा. त्या सगळ्या गोळ्या एकत्र मांडून, तुमचं वय, वजन आणि किडनी लक्षात घेऊन, त्यांचं आपसात जमतं की नाही हे शेवटचं कोणी पाहिलं होतं? हृदयाच्या डॉक्टरांनी हृदयाच्या गोळ्या पाहिल्या. शुगरच्या डॉक्टरांनी शुगरच्या. गुडघ्याच्या डॉक्टरांनी गुडघ्याच्या लिहून दिल्या. मेडिकलवाल्याने बिल केलं. (मेडिकल चालवणाऱ्यांनी राग मानू नये, मीही त्याच गोत्राची आहे.) प्रत्येकाने आपापलं काम चोख केलं. पण सगळी यादी कोणाची? त्या यादीचा जाब कोणी द्यायचा?

मी अमेरिकेतल्या एका शिक्षण-रुग्णालयात मेडिसिनच्या वॉर्डात फार्मासिस्ट आहे आणि तिथे तरुण फार्मासिस्टांना शिकवते. त्या देशात या प्रश्नाचं एक उत्तर तयार झालं. ते पूर्ण नाही, स्वस्त तर मुळीच नाही, पण पक्कं आहे. प्रौढांच्या मेडिसिन वॉर्डात औषधांची जबाबदारी घेऊ शकेल असा फार्मासिस्ट घडवण्यासाठी तिथे पदवीनंतर दोन वर्षांची रेसिडेन्सी असते. आज मी तीन गोष्टी सांगणार आहे: ही व्यवस्था आली कुठून, त्या दोन वर्षांत घडतं काय, आणि तिच्यातलं आपण काय घ्यावं, काय घेऊ नये. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, म्हणजे मध्येच कोणाला उठून जावं लागलं तरी हरकत नाही. औषधांचं ज्ञान वर्गात मिळतं. जबाबदारी मात्र वर्गात मिळत नाही. ती कोणीतरी सोपवावी लागते, टप्प्याटप्प्याने, आणि सोपवणारा माणूस शेजारी उभा असावा लागतो.

आता पहिली गोष्ट. ही व्यवस्था आली कुठून?

डॉक्टरांची रेसिडेन्सी आपल्या परिचयाची आहे. १८८९ साली बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय उघडलं आणि विल्यम ऑस्लर यांनी तिथे ती रुजवली. एमबीबीएस झालेल्या मुलाला एमडीची तीन वर्षं वॉर्डात काढावी लागतात, यात आज आपल्याला काहीच वावगं वाटत नाही. पुस्तक पाठ करून कोणी फिजिशियन होत नाही, हे आपण गृहीतच धरतो. मग पुस्तक पाठ करून फार्मासिस्ट होतो, हे आपण कशाच्या बळावर गृहीत धरलं?

१९२७च्या सुमारास मिशिगन विद्यापीठाच्या ॲन आर्बर इथल्या रुग्णालयात हार्वी व्हिटनी हे मुख्य फार्मासिस्ट होते. पदवी घेतलेल्या तरुणांनी रुग्णालयात राहून काम शिकावं म्हणून त्यांनी इंटर्नशिप सुरू केली. १९४२ साली रुग्णालयीन फार्मासिस्टांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली, तिचे पहिले अध्यक्षही तेच. पण त्या काळी शिकवत काय होते? औषधं बनवणं, सलाइन निर्जंतुक करणं, साठा सांभाळणं, नोंदी ठेवणं. फार्मसी तळघरात आणि रुग्ण वरच्या मजल्यांवर. दोघांमध्ये एक खिडकी, तीही बहुतेक वेळा बंद.

तुम्हाला गंमत वाटेल, पण ही खिडकी बंद ठेवणं त्या काळी सभ्यपणाचं लक्षण होतं. १९५२ साली अमेरिकन फार्मासिस्टांच्या संघटनेने आपली आचारसंहिता नव्याने लिहिली. तिचा आशय असा होता की, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधात काय आहे आणि त्याचा परिणाम काय होतो, याची चर्चा फार्मासिस्टने रुग्णाशी करू नये. रुग्णाने विचारलं तर त्याला डॉक्टरकडे पाठवावं. म्हणजे औषध ज्याला सगळ्यात जास्त कळतं, त्याने औषधाबद्दल तोंड उघडायचं नाही, हाच सदाचार! १९६९ मध्ये संहिता बदलली आणि हे कलम गेलं. सतरा वर्षांत असं काय घडलं?

बऱ्याच गोष्टी घडल्या. प्रतिजैविकं, रक्तदाबाची औषधं, लघवी वाढवणारी औषधं, मनोविकारांवरची औषधं अशी प्रभावी औषधांची रांग लागली. औषध जितकं प्रभावी, तितकी चूक महाग. याच काळात, १९६६ साली, सॅन फ्रान्सिस्कोतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रुग्णालयात एक धाडसी प्रयोग झाला. फार्मसीचा एक तुकडा तळातून उचलून नवव्या मजल्यावर, थेट वॉर्डात नेऊन ठेवला. फार्मासिस्ट सिस्टरच्या शेजारी उभा राहिला, केसपेपर वाचू लागला, राउंडला डॉक्टरांबरोबर चालू लागला. 'नववा मजला' म्हणून तो प्रयोग आजही ओळखला जातो. त्यामागे उभे राहिलेल्यांपैकी जेरी गोयान पुढे १९७९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचे प्रमुख झाले. त्या खुर्चीवर बसलेले ते पहिले फार्मासिस्ट.

फार्मासिस्ट वर गेला आणि उघड झालं की वर उभं राहून करायचं काय, हे त्याला कोणी शिकवलेलंच नाही. म्हणून पुढच्या दशकांमध्ये रेसिडेन्सीचा आशय बदलत गेला. साठ्याची जागा रुग्णाने घेतली. १९९० मध्ये हेप्लर आणि स्ट्रँड या दोन अभ्यासकांनी एक निबंध लिहिला. त्यांनी म्हटलं की फार्मासिस्टने गोळी अचूक दिली एवढ्याने त्याचं काम संपत नाही. त्या गोळीने रुग्णाचं बरं झालं की नाही, याचीही जबाबदारी त्याने उचलली पाहिजे. आज वाचताना हे वाक्य साधं वाटतं. पण विचार करा, एका सबंध व्यवसायाला कोणीतरी सांगत होतं की तुमचा हिशेब आता काउंटरवर बंद होणार नाही, तो खाटेपाशी बंद होईल.

२०००च्या दशकात या प्रशिक्षणाला आजचा दोन पायऱ्यांचा आकार आला. पहिलं वर्ष सर्वसाधारण, त्यात सगळ्या वॉर्डांची तोंडओळख. दुसरं वर्ष एका विशेष शाखेचं: कर्करोग, अतिदक्षता, बालरोग, संसर्गजन्य रोग, आणि आपला आजचा विषय, प्रौढांचं इंटर्नल मेडिसिन.

इथे कोणीही विचारील की मेडिसिन ही काय विशेष शाखा झाली? कर्करोगाचं समजतं, केमोथेरपी विषारी असते. अतिदक्षतेचंही समजतं. पण जनरल मेडिसिन म्हणजे तर सगळ्यांचंच सगळं!

अहो, तीच तर अडचण आहे. कर्करोगाच्या वॉर्डात आजाराला नाव असतं, मेडिसिनच्या वॉर्डात यादी असते. मधुमेह आहे, रक्तदाब आहे, हृदयाचे ठोके अनियमित आहेत, किडनी अर्ध्यावर आली आहे, आणि आज न्यूमोनिया म्हणून दाखल. प्रत्येक आजाराची मार्गदर्शक तत्त्वं वेगवेगळ्या मंडळींनी लिहिलेली, आणि लिहिताना बाकीचे चार आजार त्यांच्या डोळ्यांसमोर असतातच असं नाही. पाच आजारांची पाच बिनचूक उत्तरं एकाच माणसाच्या पोटात एकत्र टाकली की सहावा आजार तयार होतो, आणि तो औषधांचा असतो. या वॉर्डात काम करणाऱ्या फार्मासिस्टची खासियत कुठली, असं विचाराल तर मी म्हणेन, त्या सहाव्या आजाराची.

आता दुसरी गोष्ट, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची. त्या दोन वर्षांत घडतं काय?

एक उदाहरण घेऊन चालू. ही रुग्ण खरी एक बाई नाही, अनेकींवरून मी ती रचली आहे. पण तिच्याबाबतीत जे घडतं ते आमच्या वॉर्डात कोणत्याही आठवड्यात घडू शकतं. वय ७२, वजन ५८ किलो. न्यूमोनियासाठी दाखल. तिसऱ्या दिवशी पाय सुजला, तपासणीत शिरेत रक्ताची गुठळी सापडली. रक्त पातळ करण्यासाठी एनॉक्सापॅरिनची इंजेक्शनं लिहिली गेली, ६० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. वजनाच्या हिशेबाने अगदी बरोबर.

दुसऱ्या वर्षाची रेसिडेंट सकाळी साडेसहाला वॉर्डात येते. राउंड आठला. त्याआधी तिला आपल्या वाट्याचे सगळे रुग्ण कागदावर उतरवायचे असतात. ती या बाईंच्या रक्तातलं, किडनीचा अंदाज देणारं क्रिएटिनिन पाहते. दोन. लगेच किडनीची ताकद काढायचं सूत्र मांडते: १४०मधून वय वजा करा, वजनाने गुणा, क्रिएटिनिनच्या ७२ पटीने भागा, स्त्री असेल तर ०.८५ने गुणा. १९७६ साली कॉक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांनी दिलेलं हे सूत्र जगभरच्या फार्मसीच्या विद्यार्थ्याला झोपेतही येतं. उत्तर येतं २३. तीसच्या खाली आलं की एनॉक्सापॅरिन दिवसातून दोनदा चालत नाही, एकदाच द्यायचं. ती लिहिते: डोस निम्मा करा. इथपर्यंत पदवीचं शिक्षण पुरतं. परीक्षेत पूर्ण गुण.

मग शेजारी उभी असलेली प्रिसेप्टर, म्हणजे तिला शिकवणारी वरिष्ठ फार्मासिस्ट, एकच प्रश्न विचारते: "काल किती होतं?"

काल १.४ होतं. परवा १.१. म्हणजे आकडा चढतो आहे. आणि ते सूत्र किडनी स्थिर आहे असं मानून बनवलेलं आहे. क्रिएटिनिन चढत असताना किडनीची खरी ताकद सूत्र सांगतं त्यापेक्षा बरीच कमी असते, कारण रक्तातला आकडा मागून येतो. मग २३ हे उत्तर गणितात बरोबर आणि खाटेपाशी चूक. मग निम्मा डोस तरी सुरक्षित का? की किडनीवर कमी अवलंबून असलेलं, थांबवल्यावर काही तासांत उतरणारं, आणि वेळ आलीच तर प्रोटामिनने पूर्ण परतवता येणारं साधं हेपॅरिन शिरेतून द्यावं?

थांबा, प्रश्न संपले नाहीत. दुसरा प्रश्न: "पण का चढतंय?" रेसिडेंट यादी पाहते. रक्तदाबासाठी लिसिनोप्रिल आणि सूज उतरवायला फ्युरोसेमाइड. दोन्ही किडनीला जपून द्यायची औषधं. पण एवढ्याने असं होऊ नये. म्हणून ती खाटेपाशी जाते आणि बाईंशी बोलते. राउंडच्या घाईत कोणी बोललेलं नसतं असं बोलते: घरी काय घेता, कधी घेता, पर्समध्ये काय आहे. पर्समधून आयब्युप्रोफेनची बाटली निघते. गुडघा दुखतो म्हणून. दाखल झाल्यापासून बाई रोज दोन-तीनदा स्वतःच घेत होत्या, कारण 'ही काही हॉस्पिटलची गोळी नाही'. ती तिन्ही औषधं एकत्र आली की किडनीवर तिहेरी मार बसतो. केसपेपरवर यातली दोनच होती.

तिसरा प्रश्न: "आणि व्हँकोमायसिन अजून चालू का आहे?" न्यूमोनियात एमआरएसए हा हट्टी जंतू असेल या भीतीने ते सुरू केलं होतं. नाकातल्या नमुन्याची तपासणी काल रात्री आली, जंतू नाही. अशा वेळी न्यूमोनियाही त्या जंतूचा असण्याची शक्यता फार कमी उरते. मग किडनीला त्रास देणारं हे आणखी एक औषध कशासाठी?

राउंडला रेसिडेंटला बोलायला मिळतात जेमतेम दोन मिनिटं. त्या दोन मिनिटांत तिने चार गोष्टी क्रमाने मांडायच्या: एनॉक्सापॅरिनऐवजी साधं हेपॅरिन द्या, आयब्युप्रोफेन बंद करा, लिसिनोप्रिल थांबवा, व्हँकोमायसिन काढा. कारणासह, आकड्यासह, पर्यायासह. आणि समोर उभ्या असलेल्या सीनियर फिजिशियनने "का?" विचारलं की मागे वळून प्रिसेप्टरकडे पाहायचं नाही.

हे शेवटचं कुठल्या पुस्तकात शिकवतील?

शिकवण्याची पद्धत मात्र ठरलेली आहे, आणि ती मला फार आवडते. प्रिसेप्टरच्या चार भूमिका सांगितल्या आहेत. आधी समजावून सांगायचं. मग आपण करून दाखवायचं आणि करताना मनात काय चाललंय ते मोठ्याने बोलायचं. मग शिकणाऱ्याला करू द्यायचं आणि बाजूला उभं राहून दुरुस्त करायचं. आणि शेवटी बाजूला व्हायचं; काम तिचं, निर्णय तिचा, आपण हाकेच्या अंतरावर. आपल्याकडे गाण्याची तालीम अशीच चालते. आधी समोर बसून ऐकायचं, मग मागे तंबोऱ्यावर बसायचं, मग गुरूने सोडलेली जागा भरायची, आणि एक दिवस गुरू श्रोत्यांत जाऊन बसतात. फरक इतकाच की रेसिडेन्सीत प्रत्येक पायरी लेखी असते. कोणत्या महिन्यात कोणती पायरी, कोणती कामं स्वतंत्रपणे आली, कोणती नाही, याचं मूल्यमापन दोघंही लिहितात आणि समोरासमोर बसून वाचतात. सुरुवातीला हे फार अवघड जातं. आपल्या भारतीय मुलांना तर जास्तच. "मॅडम सांगतील ते" हे आपल्या हाडीमासी भिनलेलं असतं. मला मॅडम सांगतील ते नको असतं. तिला काय वाटतं ते हवं असतं, आणि का वाटतं तेही.

वर्षभरात आणखीही बरंच घडतं. संसर्गाच्या औषधांचा उधळा वापर रोखणाऱ्या गटात काम. रक्त पातळ करणाऱ्या औषधांचं क्लिनिक. रात्रपाळी. कोणाचं हृदय थांबलं की धावत जाणाऱ्या पथकात औषधं भरून देण्याचं काम. विद्यार्थ्यांना शिकवणं. वर्षभर चालणारा एक संशोधन प्रकल्प, जो बहुतेकांच्या बाबतीत मे महिन्यातच जागा होतो. (हे सगळीकडे सारखंच आहे, पुण्यात असो की ओहायोत.) आणि रुग्ण घरी जाताना त्याची यादी तिसऱ्यांदा तपासणं, कारण सगळ्यात जास्त घोळ दारातच होतात: दाखल होताना, वॉर्ड बदलताना, डिस्चार्ज घेताना.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं ऐकायला छान आहे, पण याने फरक पडतो का? पुरावा आहे का?

आहे. दोन अभ्यास सांगते. १९९९ साली बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयातला अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथल्या मेडिसिनच्या अतिदक्षता विभागात फार्मासिस्ट राउंडला उभा राहू लागल्यावर, औषध लिहिण्याच्या टप्प्यावरच्या टाळता येण्याजोग्या इजा ६६ टक्क्यांनी कमी झाल्या. २००३ मध्ये डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड रुग्णालयातून साध्या मेडिसिन वॉर्डाचा अभ्यास आला. तिथे घट ७८ टक्के. हे एकेका रुग्णालयातले अभ्यास आहेत, सगळीकडे हाच आकडा येईल असा दावा मी करणार नाही. पण दिशा कुठली, यात शंका उरत नाही. आणि एक लक्षात घ्या: दोन्ही ठिकाणी फार्मासिस्ट आधीही होताच. इमारतीतच होता, पदवी तीच, ज्ञान तेच. तो कुठे उभा आहे आणि कशाला बांधील आहे, एवढंच बदललं.

मित्रहो, इथवर मी या व्यवस्थेची वकिली केली. आता तिच्या कमकुवत बाजू. त्या सांगितल्या नाहीत तर हे व्याख्यान राहणार नाही, जाहिरात होईल.

पहिली बाजू पैशाची. रेसिडेंटला मिळणारं वेतन नोकरीतल्या फार्मासिस्टच्या पगाराच्या निम्म्याच्या आसपास असतं. सहा-आठ वर्षं शिकून, शैक्षणिक कर्जाचा डोंगर डोक्यावर घेऊन, आणखी दोन वर्षं निम्म्या पगारावर. ज्याच्या घरी आधार नाही त्याने काय करायचं? शिवाय २००३ साली अमेरिकेच्या मेडिकेअर योजनेने दुसऱ्या, विशेष वर्षाचा खर्च भरून देणं बंद केलं. पहिल्या वर्षाचे पैसे मिळतात, दुसऱ्याचे रुग्णालयाने आपल्या खिशातून घालायचे. सरकारचं म्हणणं थोडक्यात असं, की दुसरं वर्ष नसलं तरी नोकरी मिळतेच ना? वादाचा मुद्दा आहे, पण पूर्ण चुकीचा नाही.

दुसरी बाजू दाराची. अर्जदार आणि रुग्णालयं यांच्या जुळवणीची देशव्यापी पद्धत आहे. डिसेंबरात मोठं अधिवेशन, हिवाळ्यात मुलाखती, मार्चमध्ये निकाल, उन्हाळ्यात रुजू. अनेक वर्षं जागांपेक्षा अर्जदार जास्त राहिले. चांगली मुलं बाहेर राहिली. जी व्यवस्था सगळ्यांसाठी हवी असं आपण म्हणतो, ती काही जणांनाच मिळते.

आणि तिसरी बाजू प्रामाणिक प्रश्नाची. दोनच वर्षं का? वेगळा रस्ता नाही का? ब्रिटनने वेगळा रस्ता धरला. तिथे २००६ पासून जादा प्रशिक्षण घेतलेले फार्मासिस्ट स्वतःच्या सहीने औषध लिहू शकतात, आणि २०२६ पासून नव्याने नोंदणी होणारा प्रत्येक फार्मासिस्ट तो अधिकार घेऊनच बाहेर पडेल अशी रचना केली आहे. अमेरिकेने प्रशिक्षण लांबवलं, ब्रिटनने अधिकार वाढवला. दोन्ही देश एकाच गोष्टीच्या मागे आहेत: औषधाचा जाब देणारा माणूस.

आता तिसरी आणि शेवटची गोष्ट. आपण कुठे आहोत?

आपण कोऱ्या पाटीवर नाही. २००८ साली फार्मसी कौन्सिलने सहा वर्षांचा फार्म. डी. अभ्यासक्रम सुरू केला. पाच वर्षं शिक्षण, सहावं वर्ष इंटर्नशिप. आणि त्या नियमांत काय लिहिलं आहे ते ऐका. कॉलेज किमान ३०० खाटांच्या रुग्णालयाशी जोडलेलं असावं. इंटर्नशिपचे सहा महिने जनरल मेडिसिनमध्ये, आणि उरलेले सहा महिने तीन इतर विभागांत, दोन-दोन महिने. म्हणजे आपल्याच नियमाने अर्धं वर्ष मेडिसिनला दिलं आहे! ज्यांनी हे लिहिलं त्यांना वॉर्ड कळत होता.

मग अडलं कुठे?

माझ्या मते तीन ठिकाणी. पहिलं, शिकवणारा. इंटर्न वॉर्डात जातो, पण त्याच्या शेजारी उभं राहून "काल किती होतं?" विचारणारी प्रिसेप्टर बहुतेक ठिकाणी नाही. डॉक्टर आपल्या रेसिडेंटांना शिकवणार की याला? मग तो कोपऱ्यात उभा राहून केसपेपरवरून माहिती उतरवतो, प्रकल्प लिहितो, सही घेतो आणि वर्ष संपतं. दुसरं, लेखणी. केसपेपरवर फार्मासिस्टने शेरा लिहायचा की नाही, लिहिला तर कोणी वाचायचा, हे ठरलेलंच नाही. ज्याला लिहिता येत नाही त्याला जाब तरी कसा विचारणार? तिसरं, जागा. आपल्या सरकारी दवाखान्यांत औषधनिर्माण अधिकारी हे पद आहे. त्या माणसावर साठा, मागणीपत्रं, वाटप यांचा एवढा भार आहे की वॉर्डात जा असं त्याला सांगणं क्रूरपणा होईल. वॉर्डातल्या फार्मासिस्टचं पद वेगळं हवं. खासगी मोठ्या रुग्णालयांनी मानांकनाच्या निमित्ताने क्लिनिकल फार्मासिस्ट नेमले आहेत, हे चांगलं झालं. २०१० पासून औषधांच्या दुष्परिणामांवर देशभर नजर ठेवण्याचा कार्यक्रम सुरू झाला, त्यानेही अनेकांना वैद्यकीय महाविद्यालयांत पाय ठेवायला जागा दिली. पण यांतले कितीतरी जण दिवसभर चुका मोजत बसतात. चूक झाल्यावर तिची नोंद करणं आणि ती होण्याआधी राउंडला बोलणं, या दोन वेगळ्या नोकऱ्या आहेत.

अमेरिकेची व्यवस्था उचलून इथे आणा असं मी म्हणत नाही. ती आणताच येणार नाही. तिथे माझ्या वॉर्डात जेवढे रुग्ण असतात, त्याच्या कितीतरी पट इथल्या सरकारी मेडिसिन वॉर्डात एका युनिटकडे असतात, आणि काही खाटांच्या मध्ये गाद्या घातलेल्या असतात. तिथे रुग्णाची यादी संगणकात असते, इथे ती नातेवाइकाच्या कॅरीबॅगमध्ये असते. म्हणूनच काम वेगळं आखावं लागेल. सगळे रुग्ण पाहणं शक्य नसेल तर कोणते पाहायचे ते ठरवा: ज्यांची किडनी बिघडली आहे, ज्यांना रक्त पातळ करणारं औषध चालू आहे, ज्यांच्या यादीत दहा औषधं आहेत. टीबीचं रिफॅम्पिसिन चालू असलेला रुग्ण अमेरिकेतला रेसिडेंट क्वचित पाहतो, इथे तो रोजचा आहे, आणि रिफॅम्पिसिन बाकीच्या अर्ध्या यादीची ताकद उतरवतं. त्या बाबतीत इथे शिकलेला फार्मासिस्ट तिथल्यापेक्षा तयार होईल.

माझी मागणी छोटी आहे. महाराष्ट्रातल्या दोन-तीन शिक्षण-रुग्णालयांनी मेडिसिनचं एकेक युनिट घ्यावं. फार्म. डी. झालेल्या दोघांना एका वर्षासाठी, पगार देऊन, पूर्णवेळ तिथे ठेवावं. त्यांच्यावर वॉर्डाचा अनुभव असलेली एक प्रिसेप्टर नेमावी, जिचं काम फक्त शिकवणं आणि वॉर्ड, एवढंच असेल. केसपेपरवर फार्मासिस्टच्या शेऱ्यासाठी एक ठरलेली जागा असावी, आणि त्या शेऱ्यावर युनिटप्रमुखाने हो किंवा नाही लिहावं. 'नाही' लिहिलं तरी चालेल, फक्त त्याचं कारण लिहावं. वर्षाअखेरीस मोजावं, किती शेरे, किती मानले, किती इजा टळल्या, औषधांचा खर्च किती वाचला. आकडे वाईट आले तर बंद करा. नवीन इमारत लागत नाही, नवा कायदा लागत नाही.

डॉक्टर मंडळींना एक विनंती. फार्मासिस्ट राउंडला आला की आपला अधिकार कमी होतो, अशी धास्ती मी तिथेही पाहिली आणि इथेही पाहते. माझा अनुभव असा की, सही तुमचीच राहते, फक्त सहीच्या आधी आणखी एका तयार माणसाने यादी वाचलेली असते. विद्यार्थ्यांनो, तुम्हालाही एक सांगते. जबाबदारी मागायची तर चुकीचा जाबही आपलाच, हे मान्य करून मागावी लागते. 'डॉ.' हे अक्षर नावाआधी लावता येतं का, या वादात आपण फार वर्षं घालवली. वॉर्डात कोणी नाव विचारत नाही, "काल किती होतं?" एवढंच विचारतात.

आणि बाकीच्या श्रोत्यांनो, ज्यांच्यापैकी कोणी आज रुग्ण आहे आणि कोणी उद्या होईल, तुमच्या हातात सगळ्यात मोठं शस्त्र आहे. पुढच्या वेळी घरातलं कोणी दाखल झालं की रुग्णालयाला विचारा: "आमची औषधांची सगळी यादी एकत्र कोण पाहतं? त्यांचं नाव काय?" नम्रपणे विचारा, पण प्रत्येक वेळी विचारा. ज्या रुग्णालयाला या प्रश्नाचं उत्तर म्हणून एक नाव सांगता येत नाही, त्याला आज ना उद्या असा एक माणूस घडवावाच लागेल.